पोळ्याचा पहिला मान

दादाभाऊच्या दारावरून जाताना जानकूच्या पोटात दुखायचं. दादाभाऊचं घर पक्कं म्हणून नव्हे, त्याचा पोरगा मंचरला नोकरीला आहे म्हणूनही नव्हे. दुखणं होतं चावडीपुढच्या दगडाचं.

शिनोलीच्या वरच्या अंगाला, डोंगरात हे गाव. इंग्रजांच्या राज्यात जानकूच्या पणज्यानं बंड केलं आणि दादाभाऊच्या पणज्यानं त्याची लपायची जागा दाखवली. एक फासावर गेला. दुसऱ्याला सरकारनं इनाम दिलं, वर त्याच्या नावाचा दगड उभा केला. पोळ्याला अख्ख्या गावाचे बैल त्या दगडाला फेरी घालतात, आणि पहिला बैल दगडवाल्यांच्या घरचा. फितुराला मान! जानकूची बैलजोडी कितीही सजवलेली असो, ती मागेच. दरसाल पुरणपोळी त्याच्या घशाखाली उतरायची नाही.

यंदा ग्रामसभेत तो ताडकन उठला. "त्यो दगड उपटून टाका!" टाळ्या पडल्या.

मग दादाभाऊ उठला. "जानकूभाऊचं खरं हाये. आमालाबी लाज वाटती. काढा."

टाळ्या दुप्पट झाल्या. "मन लई मोठं, राव!" कुणीतरी म्हणालं.

जानकूचा तिळपापड झाला. पणजा गेला आपला, आणि मन मोठं याचं?

"काढायचा न्हाई!" तो ओरडला. "ऱ्हाऊ द्या तितंच. खाली पाटी लावा, यानं काय पाप केलं ते समद्यास्नी कळू द्या. आन पहिला मान आमाला!"

लोक चक्रावले, पण म्हणणं पटलं. दगड हलवला तर पुढच्या पोरांना काय कळणार? दादाभाऊनं मान सोडला. पाटीचा मजकूर जानकूनं स्वतः घोडेगावच्या पेंटरला सांगितला, एकेक शब्द चवीनं.

पोळा आला. वाजंत्री लागली. जानकूचा बैल सगळ्यांच्या पुढे, मागे दादाभाऊचा. जानकूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दगडापाशी त्याची नवी सून जया आरती घेऊन उभी होती. तिनं पाटी मोठ्यानं वाचली. फितुराचं नाव, त्याच्या बापाचं नाव, इनामाची जमीन, विश्वासघात, सगळं होतं.

"पर मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "फाशी कुणाला झाली? त्यांचं नावच न्हाई हितं."

जानकूनं तोंड उघडलं. घरात सगळे 'पणजा'च म्हणायचे. नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं. सगळा जन्म तो त्या दुसऱ्याच नावाकडे बघत बसला होता. वाजंत्री थांबली.

"भिमाजी," मागून दादाभाऊ हळूच म्हणाला. "आमच्या घरात पोळ्याला पयला निवद त्यांच्या नावानं निघतो, पोरी. माफी मागून. पणज्यापासनं चालत आलंय."

उभ्या जन्मात जानकूनं दादाभाऊचा इतका हेवा कधी केला नव्हता.