चकचकीत प्रयोगशाळा

आमच्या कॉलेजात शिक्षणाचा दर्जा डोळ्यांनी तपासतात. संस्थेची मंडळी वर्षातून एकदा येतात, दारात फेटे बांधून घेतात आणि टेबलावर धूळ आहे का ते बोट फिरवून बघतात. मुलांना काय येतं हे विचारायची पद्धत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते आणि महाविद्यालय विकास समितीवर शिक्षकांची प्रतिनिधी आहे. म्हणजे हे सगळं गप्प बसून बघायचा मान माझा.

त्या वर्षी पाहणीसाठी प्राचार्यांनी प्रयोगशाळा घासूनपुसून घेतली, टेबलांना पॉलिशही केलं. संस्थेचे अध्यक्ष दारातच थांबले. "मॅडम, बगा की. एक डाग न्हाय. ल्याब अशी पायजे."

समितीच्या बैठकीत ठरावच झाला: प्रयोगशाळा कायम अशीच ठेवायची, चावी प्राचार्यांकडे. प्रयोग केले की डाग पडणारच, असं मी म्हटलं. कुणीतरी "पुढचा विषय" म्हणालं. पुढचा विषय जेवणाचा होता.

झालं. मी चावी मागायला गेले की प्राचार्य म्हणायचे, "आज फळ्यावर दाखवा, मॅडम. पाहुणे यायचेत." मग मी खडूनं ब्युरेटची खुणांची नळी काढायची आणि द्रावण थेंबाथेंबानं कसं सोडायचं, रंग बदलताच कुठं थांबायचं, ते तोंडानं सांगायची. डोकं फिरायचं माझं. पोहणं कुणी फळ्यावर शिकवतं का?

त्याच वर्षी कुरुंदवाडहून एसटीनं येणारी एक मुलगी पहिल्या वर्षाला आली होती. तिला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी हवी होती, घरी तसं सांगूनही टाकलं होतं तिनं. तास संपला की विचारायची, "मॅडम, आमी हातानं कवा करायचं?" मी परत चावी मागायला जायची. विद्यापीठाच्या परीक्षेपुरतं कुलूप निघायचं, मुलं कशीबशी पास व्हायची. तीन वर्षांनी तीही तशीच पास झाली.

त्यानंतरच्या बैठकीत अध्यक्ष तापूनच आले. ते एका कारखान्याचे संचालकही होते आणि तिथंच ती मुलगी मुलाखतीला गेली होती.

"आपल्याच कॉलेजची पोरगी म्हणून मी बोलावलं. ब्युरेट धराय येईना तिला. दुसरा घेतला शेवटी. शिकिवता काय तुमी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संतापानं माझा आवाज चढला. "चावी द्या, म्हणजे शिकवते."

अध्यक्षांनी प्राचार्यांना खूण केली. "घ्या की चावी. पण काय सांडू देऊ नका."

थोड्या दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. जयसिंगपूरला कापडाच्या दुकानात लागली होती.

"मॅडम, ल्याब उघडली म्हणं. सुट्टीच्या दिवशी येऊन एकदा करून बगू का? काय सांडणार न्हाय मी."

ये म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर रागानं रडूच आलं. तीन वर्षं फी भरून जे तिच्या हक्काचं होतं, ते ती माझ्याकडे उपकार म्हणून मागत होती.