रंगेल सरदार खरंच सुधारला का?

पडदा वर गेला की दिसतं वाचनालयाचं टेबल, आणि त्यामागे पुस्तकांना कव्हरं घालणाऱ्या आमच्या ग्रंथपालबाई. चार वर्षं बाहेरख्यालीत घालवलेला त्यांचा नवरा महिन्यापूर्वी ‘सुधारून’ परतला होता. स्वतःच्या बहिणीकडे उतरून, घरात घे म्हणून विनवत होता. बाईंनी सल्ला कुणालाच मागितला नाही. वाचनालयात एका रंगेल विलायती सरदाराच्या प्रेमाची जुनी कादंबरी होती; ती वाचून कुणी परत आणली, की बाई एवढंच विचारायच्या, “हा रंगेल गडी खरंच सुधारला का हो?”

“प्रेमात पडला, विरघळला!” शिंपीणकाकू ती कादंबरी परत देत म्हणाल्या.

“शेवटच्या प्रकरणात सगळेच विरघळतात,” पलीकडे पेपर वाचणारे मास्तर खेकसले.

मी जुना नट. असा पश्चात्ताप शेकडो प्रयोगांत केला, टाळ्या घेतल्या आणि रंग पुसला. तरी म्हटलं, “एक संधी द्या बिचाऱ्याला.”

तेवढ्यात नवराच दारात उभा राहिला. “अगं, खरंच बदललोय मी.”

बाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि डिंकाची बाटली पुढे सरकवली.

“कादंबरी लग्नापाशी संपते, पुढचं कुणी लिहीत नाही. रोज इथे येऊन फाटकी पुस्तकं चिकटवा. घराचं वर्षभराने बघू.”