साहेबांच्या भाषणातला माझा बाप

"मावशी, झाडू जरा छातीशी धरा ना. फोटोत दिसला पाहिजे."

खासदारसाहेबांचा पीए माझ्या आईला सांगत होता. भाईंदरमधला एसी हॉल. दारात रांगोळी, गुलाबपाण्याचा वास. आई ठेवणीतली जांभळी साडी नेसून आलेली. त्याने तिच्या हातात कोरा झाडू दिला. मुठीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. आईने तो घेतला. समोरच्याने दिलेलं घ्यायचं, एवढंच तिला आयुष्यभर शिकवलेलं.

मी म्हटलं, "आम्ही इथे कामाला नाही आलोय. तुम्ही बोलावलंत म्हणून आलोय."

"अहो ताई, प्रतीक म्हणून. साहेबांच्या संसदेतल्या भाषणांचं पुस्तक येतंय ना आज. हा फोटो मागे स्क्रीनवर लावायचाय. पब्लिकला कनेक्ट झालं पाहिजे."

फ्लॅश पडला. आईने डोळे मिटले. म्हणून परत काढला.

माझे बाबा माणगावकडचे. भाईंदरला बिगारी म्हणून आले, मग गटारं, ड्रेनेज, मिळेल ते. आई तिथल्याच इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीत जिने झाडायची. त्याच सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली. मशीनची गाडी लगेच मिळत नव्हती. आणि चेअरमनच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुण्यांना वास यायला नको. म्हणून बाबांना बोलावलं.

बाबा वरून बांबू घालून ढवळत होते. चेअरमन टाकीच्या तोंडाशी उभा. नाकाला रुमाल. म्हणाला, "ऊपर से क्या हिला रहा है? नीचे उतर. पांच मिनट का काम है."

आई तिथेच बादली घेऊन उभी होती. तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

बाबा उतरले. दोरी नाही, मास्क नाही, काही नाही. एकदा खोकले. मग आवाजच नाही. आई ओरडत राहिली. चेअरमन फोन कानाला लावून गेटकडे चालायला लागला.

माणसाला असं टाकीत उतरवणं गुन्हा आहे. तसा कायदा आहे. आम्हाला नंतर कळलं. ज्यांना आधीपासून माहीत होतं, ते वर उभे होते.

बाबांना बाहेर काढलं तेव्हा सोसायटीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या.

दहाव्याच्या आधीच पीए आमच्या चाळीत आला. पाणी दिलं तर म्हणाला, "आत्ताच प्यायलोय." खुर्चीच्या अगदी कडेला बसला. मग मुद्द्यावर आला. "पोलिसांत पाय घसरून पडले असं लिहिलंय. तेच राहू द्या. साहेब तुमचा विषय डायरेक्ट लोकसभेत मांडतायत. केवढा मान! मॅटर कोर्टात गेलं की साहेबांना बोलता येत नाही. मग सगळंच राहील."

आईने मान डोलावली. मीही. नवरा गेलेला, खोली भाड्याची, दारात खासदाराचा माणूस. आणि लोकसभेत बाबांचा विषय! गावच्या ग्रामपंचायतीतही आमच्या घरातल्या कुणाचं नाव कधी कुणी काढलं नव्हतं.

साहेब बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. आम्ही मोबाइलवर पाहिलं. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातला कष्टकरी टाकीत गुदमरतो, तेव्हा त्याच्यासोबत या देशाचा न्याय गुदमरतो." बाकं वाजली. आई पदराने डोळे पुसत होती. शेवटी साहेब म्हणाले, "आज त्या कुटुंबाला न्याय मिळाला आहे, याचं मला समाधान आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. "कसला न्याय गं? कधी मिळाला?"

 मी पुन्हा लावून ऐकलं. सोसायटीचा उल्लेख नाही. चेअरमनचा नाही. "उतर" म्हणणारं कुणी नव्हतंच. बाबा आपोआप मेले होते.

तर त्या दिवशी हॉलमध्ये फोटो झाल्यावर साहेब आले. आईचा हात दोन्ही हातांत घेतला. कॅमेरे पुढे सरसावले. "मावशी, तुम्ही मला आईसारख्या."  साहेब वळले. पीएने खिशातून सॅनिटायझरची छोटी बाटली काढली आणि साहेबांच्या तळव्यावर दाबली. चालता चालता साहेब हात चोळत होते. बोटांच्या बेचक्यातून, मनगटापर्यंत.

मी शांती नगरच्या एका लॅबमध्ये रक्त काढते. हात कधी आणि कशाला साफ करायचे, मला कळतं. हे तसलं नव्हतं. हे माझ्या आईचा स्पर्श पुसणं होतं.

आईनेही पाहिलं. तिने आपलाच तळवा उलटा करून बघितला. काही लागलंय का म्हणून.

मी तो तळवा माझ्या मुठीत धरला. 

आत गेलो तर पहिल्या रांगेत चेअरमन. सफेद सफारी, हातात पुष्पगुच्छ. निवेदिका माइकवर सांगत होती, कार्यक्रमाला यांचं मोलाचं सहकार्य लाभलं. टाळ्या. आईची बोटं माझ्या दंडात रुतली. "तोच. तोच हाय तो."

स्टेजवर चढताना पीए कानाशी आला. "दोनच वाक्यं हां ताई. साहेबांमुळे न्याय मिळाला. आम्ही ऋणी आहोत. बस."

मागे स्क्रीनवर आई. भिंतभर. डोळे विस्फारलेली, झाडू छातीशी.

मी माइक धरला. "आम्हाला न्याय मिळालेला नाही. माझे बाबा पाय घसरून मेले नाहीत. त्यांना टाकीत उतरवणारा माणूस इथे पहिल्या रांगेत बसलाय. साहेबांना हे माहीत आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीने. वाक्य संपलं की वाजवायच्या, म्हणून. कुणी ऐकलंच नव्हतं. मग पुढच्या काही रांगा एकदम थंड पडल्या. माझा माइक बंद झाला. साहेब हसत उठले, स्वतःच्या माइकवरून म्हणाले, "भावना आहेत. मुलीचं दुःख आपण समजू शकतो." चेअरमन खाली मान घालून मोबाइल बघत होता.

मी आईचा हात धरून खाली उतरले. बाहेर आल्यावर म्हटलं, "घरी जायचं?"

आई म्हणाली, "नाय. पोलीस स्टेशनला चल."

तिथे बसवून ठेवलं. आधी म्हणे इन्स्पेक्टर कामात आहेत, मग म्हणे जेवायला गेलेत. शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, "एवढ्या महिन्यांनी आठवलं का, बाई?"

आई म्हणाली, "विसरले कधी होते? तुम्ही इचारलं नाय."

तिने सगळं सांगितलं. रुमाल, बांबू, "नीचे उतर", गेटकडे जाणारी पाठ. न रडता. अधिकारी गाळून लिहायला लागला की ती थांबायची. "ते पण लिवा." मी वाचून दाखवल्यावरच तिने अंगठा उठवला.

आई बाबांनंतरही तिथेच जिने झाडत होती; दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीने तिला कामावरून काढलं. पीएचा फोन आला. "ताई, स्टेजवर असं नको होतं करायला. साहेब फार हर्ट झालेत. पुढच्या आवृत्तीत बाबांचा छान फोटो टाकू आपण."

मी म्हटलं, "ते भाषणच काढून टाका."

केस उभी राहिलीय. चेअरमनला जामीन मिळाला. समोरचा वकील मोठा आहे. आई दारू पिऊन होती, असंही उद्या म्हणतील. म्हणू देत. आई साक्ष देणार. तिला उभं राहायचं बळ उरलं नाही तर तिला धरून मी उभी राहणार. साहेबांनी दिल्लीत न्यायावर खुशाल बोलावं. माझ्या बापाच्या मरणावर बोलायचं असेल, तर मारणाऱ्याचं नाव घ्यायचं. तेवढी हिंमत नसेल, तर माझ्या बापाचं नाव तोंडात घ्यायचं नाही.