पुळीची जट

इतक्या पिढ्या तंजावुरात काढल्यावर आमच्या घरात चिंचेला चिंच कुणी म्हणत नाही, पुळी म्हणतात. त्यामुळे धाकट्या भावानं चेन्नईहून हंगेरीकडचं कुत्रं आणलं आणि जात पुली सांगितली, तेव्हा अत्या तोंडाला पदर लावून हसली. कुत्र्याचं नाव पुळीच पडलं. भावाला माणसं कधी जोडता आली नाहीत, म्हणून माणसं बघायला येतील असं कुत्रं त्यानं आणलं.

आणि माणसं आलीही. केसांच्या सुतळीसारख्या वळलेल्या काळ्या लडी जमिनीपर्यंत लोंबत, डोळे दिसतच नसत. भावाचे ऑफिसातले लोक येऊन फोटो काढून जात. निघताना अत्या प्रत्येकाला तिच्या पुळीकाच्चलची, म्हणजे तेलात आटवलेल्या तिखट चिंचेची, बाटली देई.

विकणाऱ्यानं बजावलं होतं की आंघोळीनंतर एकेक लड हातानं सोडवून पंख्याखाली वाळवायची. भावानं ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. मी कात्रीचं नाव काढलं तर अत्या अंगावर आली.

"जट ती. देवीचं देणं. कात्री लावू नक्को."

भाऊ एरवी देव मानत नाही. त्या दिवशी त्याला देवी पटली. "केस गेले तर बघायला काय राहील, अक्का?"

मे महिन्याच्या उन्हात कुत्रं दिवसभर न्हाणीच्या मोरीपाशी पडून राहू लागलं. लडी ओल्याच राहून कुजल्या. तरी भावाची स्कूटर वाजली की ते धडपडत दारात जाई, आणि भाऊ त्याला बुटानं बाजूला सारी. वास येतो, म्हणे.

एका दुपारी भाऊ कामावर असताना मी शिवणाची कात्री घेतली. लडींखाली कातडी सोलवटली होती, मानेशी किडे पडले होते. गुरांच्या डॉक्टरनं किडे काढून जखमा धुतल्या. उरलं ते अर्ध्या आकाराचं कुत्रं आणि दोन तपकिरी डोळे. मला रडू आलं, पण दयेपेक्षा रागानंच.

"हे कुठलं उचलून आणलंस?" संध्याकाळी भावानं विचारलं. खरं कळल्यावर त्यानं कुत्रं परसात साखळीला बांधलं. अत्यानं उंबऱ्यावर हळदीचं पाणी शिंपडलं.

पुढच्या आठवड्यात भावाचे साहेब बायकोला घेऊन मुद्दाम पुळी बघायला आले. भाऊ मान खाली घालून तमिळमध्ये म्हणाला, "गेलं, सर. ऊन सोसलं नाही." इतकं छान म्हणाला की बाईंचे डोळे भरून आले. परसात साखळी वाजायला लागली. कुत्र्यानं त्याचा आवाज ओळखला होता. माझं डोकं फिरलं. मी जाऊन साखळी सोडली.

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरातून धावत बैठकीत गेलं आणि भावाच्या पावलांवर हनुवटी टेकली.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

भावानं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "रस्त्यावरचं आहे. आमच्या अक्काला सवय आहे, कुणालाही घरात घ्यायची."

कुत्रं रिकाम्या फरशीवर हनुवटी टेकून तसंच राहिलं, शेपूट हलवत.