पारूआत्याचं ऊन

वर्सोव्याच्या जयाबाईंचा जन्म उन्हात बोंबील वाळवण्यात गेला. नातीच्या मालिशीला आलेली बाई म्हणाली, "डाळीचं पीठ लावू, रंग उजळेल."

"नको," जयाबाई म्हणाल्या.

सून कल्पिता चकित झाली. "का हो आई? सगळेच लावतात."

"पूर्वी आपल्यात पोरीचा रंग कोण बघायचं गं? काम बघायचे. आपल्या पारूला बघायला आलेल्या अंधेरीच्या ऑफिसवाल्यांनी काळी म्हणून लग्नाला नाकारलं, तेव्हापासून सासूबाई घरातल्या पोरींना उन्हात जाऊ देईनात. पारू उजळली नाही, पण तिचं बाहेर जाणं मात्र सुटलं."

जयाबाईंची नणंद पारू दारात बसून ऐकत होती. कल्पिताने मालिशवालीला नुसतं तेल लावायला सांगितलं. मालीश झाल्यावर पारूआत्या उठली, "दे इकडे," म्हणाली आणि बाळाला घेऊन कोवळ्या उन्हात जाऊन बसली.