मासळीवरचा बर्फ मोजला त्याची गोष्ट

मे महिन्यातला रविवार, बोंबलांचा वाटा दीडशे रुपयांना, आणि मनवेलपाड्याच्या नाक्यावर हजर तिघं: मी, माझी मुलगी आणि राजोडीहून टोपली घेऊन येणाऱ्या मावशी. विकसनशील देशांत खाद्यपदार्थ विकताना किती कार्बन हवेत जातो, याची तुलना मुलगी कॉलेजसाठी करत होती. बाकीच्या देशांचे आकडे मिळाले होते. आमच्या नाक्याचा रकाना रिकामा होता आणि तक्ता सोमवारी द्यायचा होता.

"किलोभर मासळीला बर्फ किती, तेवढं मोजू द्या. बर्फ बनवायला वीज लागते, गाडीला इंधन, त्याचा धूर मोजायचाय," मी म्हणालो.

"भाव पाडायची नवी रीत का, भाऊ?" असं म्हणत मावशींनी तराजू पुढे केला.

सरासरी निघावी म्हणून मी सगळा बर्फ तीनदा तोलला. दरवेळी तो कमी भरला.

"बाबा, वितळतोय तो," मुलगी म्हणाली.

"माझे बोंबील उघडे पडले नि बर्फाचं पानी झालं," मावशी म्हणाल्या. "आम्ही आठजणी एका टेम्पोत येतो. तुम्ही कशावर आलात?"

दोन गल्ल्यांपलीकडून, स्कूटरवर. मुलीने तेही तक्त्यात लिहिलं.

रकाना भरला. मावशींना मी एकशे सत्तर दिले: बोंबलांचे दीडशे, बर्फाचे वीस.