मागच्या गल्लीतला भाडेकरू

कॉलेजातून परत आलो तर माझ्या खोलीच्या दारावर दोन फळ्या ठोकलेल्या. आडव्या. एक छातीपाशी, एक गुडघ्यापाशी. मधल्या फटीतून माझं कुलूप दिसत होतं, सकाळी लावलं तसंच. मी किल्ली हातात धरून उभा राहिलो.

बाजूच्या ओसरीवर घरमालक पेपर वाचत बसले होते. मोहल्ल्यात सगळे त्यांना भाऊजी म्हणत, मीही म्हणायचो. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. आडूनच बोलले.

"बाबू, आजपासून मांगच्या दारानं येत जा."

मागच्या दाराला आतून कडी होती. ती काढायची तर आधी आत जायला पाहिजे, आणि आत जायचं तर याच दारातून. मी फटीतून हात घालून कुलूप काढलं. दार आत ढकललं. मग वाकलो, आधी वह्या आत टाकल्या, मग डोकं, मग एक पाय. कुत्रं कुंपणातून शिरतं तसा माझ्याच खोलीत शिरलो. पँट खिळ्याला अडकून टरकन फाटली. ओसरीवर कोणीतरी हसलं. भाऊजी हसले नाहीत, तसे ते सज्जन होते.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी आंधळगावचा, भंडाऱ्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वसतिगृहात जागा मिळाली नव्हती, म्हणून ही खोली. घेताना भाऊजींनी गाव विचारलं, सांगितलं. वडील काय करतात विचारलं, धानाची शेती आहे म्हणालो. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. त्या आडनावाचे लोक आमच्याकडे चार जातींत सापडतात. भाऊजींनी त्यातली आपल्याला सोयीची जात मनातल्या मनात धरली आणि खोली दिली. मी काही लपवलं नव्हतं, त्यांनीच पुढे विचारलं नव्हतं.

मग आधल्या रविवारी आई आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, मोहाडीवरून बस बदलून आलेली. भाऊजींच्या घरच्या काकूजी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. आईनं गाठोडं खाली ठेवलं आणि मनापासून हात जोडले.

"जय भीम, बाई. माहा पोरगा तुमच्याकडे राह्यते ना!"

काकूजींचा हात सुपातच थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सूप उचललं आणि आत गेल्या. आतून दार लागलं. आईला कळलं. तिला असल्या गोष्टी कळायला वेळ लागत नसे. ती पायरीच्या बाजूला सरकून भिंतीला लागून उभी राहिली, अंग चोरून, आणि खोलीत यायलाच तयार होईना. "मी इथूनच पायतो तुही खोली," म्हणाली. मी तिला हाताला धरून आत नेलं. ती बसली नाही. दुसऱ्या बसनं परत गेली.

आणि आता या फळ्या.

संध्याकाळी मी भाऊजींकडे गेलो. म्हणालो, "काहून बंद केलं दार?"

ते हळू आवाजातच बोलले. ते कधी ओरडत नसत. "रागवू नको, बाबू. आमच्याकडे पाहुणेरावळे येतात. बायामाणसं ओसरीवर बसतात. दुसरा कोणी असता तर तुहा बोरियाबिस्तर रोडवर फेकला असता. मी तुले काढलं का? नाही काढलं. मी तुले ठेवून घेतलं."

ठेवून घेतलं. महिन्याच्या महिन्याला भाडं मोजून घेत होते आणि म्हणत होते ठेवून घेतलं.

मागची गल्ली म्हणजे दोन घरांच्या रांगांमधली बोळ. दोन्हीकडे संडासांची मागची तोंडं, त्यांना पत्र्याच्या झडपा. मैला काढून नेणाऱ्या बायांशिवाय तिथून कोणी जात नव्हतं. आता मी जायला लागलो. खोलीत नळ नव्हता. चौकातल्या नळावरून पिण्याचं पाणी आणायचं आणि त्या बोळीतून न्यायचं. बादलीवर ताट झाकायचो, ताटावर रुमाल टाकायचो. तरी तांब्या तोंडापर्यंत नेऊन परत खाली ठेवायचो. कितीदा तसाच तहानलेला झोपलो.

पण तहानेपेक्षा वाईट होतं ते दुसरंच. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. आधी मोहल्ल्यातली माणसं जाता-येता विचारत, "काय बाबू, अभ्यास चालू?" समोरचं दार बंद झालं तसं तेही बंद झालं. ज्याला कोणी येता-जाता पाहत नाही, त्याला विचारणार काय? कॉलेज सुटलं की दुसऱ्या दिवशी कॉलेज भरेपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. मग मी संध्याकाळी बसस्टँडवर जायला लागलो. मोहाडीकडची गाडी जिथे लागते तिथे उभा राहायचो. आमच्याकडचे लोक चढत, भांडत, बिड्या मागत. "अवो मामी, सरकून बसा ना जराशी." नुसतं ऐकायचं. कंडक्टर ओळखायला लागला. "येते का गा?" म्हणून विचारायचा. मी नाही म्हणायचो. गाडी जायची आणि मी परत बोळीत.

भाऊजींनी त्या बंद दाराला लावून एक बाकडं टाकलं. मोहल्ल्यातले दोघं-तिघं रोज तिथे येऊन बसत. त्यांच्या पाठी माझ्या दाराला टेकलेल्या. ते खोकले तरी दार हलायचं. आत मी, मध्ये एक पातळ लाकूड, आणि पलीकडे माणसं. इतकी जवळ माणसं असून इतका एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो. एकदा त्यांचा वाद लागला. एक म्हणे वैनगंगा सरळ गोदावरीला मिळते, दुसरा म्हणे नाही, मधी आणखी नदी आहे. बराच वेळ चालला वाद. माझ्याच्यानं राहवलं नाही. आतूनच बोललो, "वर्धा नदीले मिळते. मंग पुढे तिले प्राणहिता म्हणतात."

मग बाकडं सरकवल्याचा आवाज आला. घासत घासत त्यांनी ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

त्या दिवशी मी रडलो. लाज वाटते म्हणून सांगायचं नाही असं काही नाही. रडलो.

कॉलेजातल्या एका मोठ्या मुलानं सांगितलं की घरमालकाला असं करता येत नाही. कचेरीत भाड्याचे साहेब बसतात. भाडेकरूचं पाणी तोडायचं नाही, जायची-यायची वाट अडवायची नाही, त्या साहेबांच्या परवानगीशिवाय त्याला काढायचं नाही, असा कायदाच आहे म्हणाला. मला हे नवीन होतं. घरमालक म्हणेल तो कायदा, एवढंच मला माहीत होतं. मी अर्ज लिहिला. 'घरमालकाने माझी वाट बंद केली आहे.' का बंद केली, ते लिहायला पेन थांबलं. वाटलं, नुसत्या नियमानं काम होत असेल तर कायले जात काढायची? साहेब शिकलेले असतील, समजून घेतील.

साहेबांनी अर्ज वाचला. "खोलीला दारं किती?"

"दोन."

"त्यातलं एक उघडं आहे ना?"

"आहे, साहेब. पण ते मागचं..."

"मग वाट बंद कुठे झाली?" बाजूचे कारकून फिसकन हसले. अर्ज परत माझ्या हातात आला.

मी गप्प बसलो. परीक्षा जवळ येत होती, कशीबशी काढू म्हटलं. आमच्या लोकांना कशीबशी काढायची सवय असतेच.

त्या बोळीत सकाळी एक बाई भेटायची. डोक्यावर टोपली, हातात पत्रा. बोळ इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं थांबावं लागे. मी दिसलो की लांबूनच ती म्हणायची, "रुको बाबूजी, मैं हटती हूँ." आणि भिंतीला चिकटायची. तोंड भिंतीकडे, पदर ओढलेला. मी जाईपर्यंत श्वासही घेत नसावी. रोज असं. एक दिवस मी थांबलो. म्हणालो, "पहले आप जाइए." ती घाबरली. मान वळवून मागच्या घरांकडे पाहिलं तिनं. "नहीं बाबूजी, कोई देख लेगा तो मुझ पर चिल्लाएँगे. आप निकल जाइए." आणि पुन्हा तोंड भिंतीकडे.

आई अशीच उभी राहिली होती. त्या पायरीच्या बाजूला, अंग चोरून.

मी त्या बाईच्या बाजूनं निघून गेलो, पण कॉलेजात गेलोच नाही. भटकत कारध्याच्या पुलावर गेलो आणि खाली पाण्याकडे पाहत उभा राहिलो. या अख्ख्या गावात मला मोठं मानणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्याकडे पाठ करून उभं राहत होतं. भाऊजींनी मला खाली ढकललं होतं आणि माझ्या खाली उभं राहायला एक बाई आधीच तयार ठेवली होती. मी त्या बोळीतून गुमान जात राहिलो तर ती भिंतीला चिकटतच राहणार. तिच्या पोरीही चिकटणार. चीड आली. भाऊजींची आली, साहेबांची आली, आणि सगळ्यांत जास्त आली ती त्या 'कशीबशी काढू'ची.

परत आलो. भर दुपार होती. ओसरीवर नेहमीची मंडळी बसलेली. मी मागून खोलीत शिरलो. आईनं चटणीसाठी दिलेला वरवंटा उचलला. समोरचं दार आत ओढलं आणि वरच्या फळीवर आतून घातला. पहिल्या दणक्याला ओसरीवरची माणसं उडून उभी राहिली. "काय होऊन राहिलं बे?" दुसऱ्या दणक्याला फळीचं एक टोक निघालं. खालची फळी चिवट होती, तिला लाथा घालाव्या लागल्या. दोन्ही फळ्या ओसरीवर पडल्या. मी बाहेर आलो आणि उंबऱ्यात उभा राहिलो. वरवंटा हातातच होता.

भाऊजी पहिल्यांदा ओरडले. "अबे, मी तुले ठेवून घेतलं! उपकार विसरला!"

"उपकार नाही, भाऊजी. भाडं देतो, म्हणून राह्यतो. परीक्षा झाली का जाईन. तवरीक समोरून येईन, समोरून जाईन."

"निघ माझ्या घरातून!"

"साहेबाची परवानगी आणा."

हे त्यांनाही नवीन होतं बहुतेक. वरवंटा आत ठेवला, बादली घेतली आणि त्यांच्या समोरून चौकात गेलो. पाणी भरून त्यांच्या समोरूनच परत आलो. कोणी बोललं नाही. बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्या दिवसापासून समोरून जातानाही कोणी मान वर करत नसे. एकटेपणा काही कमी झाला नाही, वाढलाच.

भाऊजींनी खरंच अर्ज केला. भाडेकरू मोडतोड करतो, खोली खाली करून पाहिजे. आम्हा दोघांना कचेरीत बोलावलं. तेच साहेब. भाऊजींना खुर्ची, मी उभा. भाऊजी हळू आवाजात बोलत होते. "साहेब, मी जातपात पाहत नाही. पाहत असतो तर त्या दिवशीच काढला असता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "समजून घे. शिकायचं वय आहे तुझं. परीक्षेपर्यंत मागून येजा कर, मग खोली सोड. हे तोवर तुला काढणार नाहीत, तू तोडफोड करायची नाही. इथे सही कर." कागद पुढे सरकवला. पेनही दिलं.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"साहेब, मागच्या टायमाले तुम्ही विचारलं, दारं किती. आता विचारा, एक दार काहून बंद केलं. मी बौद्ध आहे म्हणून बंद केलं. माही आई जय भीम म्हणाली म्हणून बंद केलं. हे लिवा. त्याच्याखाली सही करतो."

साहेब मागे टेकले. "हे बघ, या कायद्यात पाण्याचा नियम आहे, वाटेचा आहे, घरदुरुस्तीचा आहे. हे तू म्हणतोस ते यात बसत नाही. तो दुसरा कायदा. ते पोलिसांचं काम."

"मंग पोलिसातही जातो. पण वाट याच कायद्यात आहे ना? ती काहून बंद झाली ते इथंच लिवा."

कारकुनांपैकी कोणी हसलं नाही. भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. माझ्या खांद्याला हात लावायला आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते मला शिवत होते. "बाबू, चाल, बाहेर बसून बोलू. घरची गोष्ट आहे."

मी खांदा सोडवून घेतला.

"बाहेर नाही. घरची गोष्ट नाही ही. इथंच."

माझ्या मागे कोणी नव्हतं. ना बाप, ना मामा, ना कॉलेजातलं कोणी. कोणाला सांगितलंच नव्हतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, भाऊजींनी साहेबांकडे पाहिलं. दोघंही मी थकून जाईन याची वाट पाहत होते. मी दोन्ही हात टेबलावर टेकले. साहेबांचं पेन ते शब्द लिहायला चालत नाही तोपर्यंत मी तिथून हलणार नव्हतो, आणि आज नाही चाललं तर उद्या कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभा राहणार होतो.